झाकून ठेविलेली भाजी

मृगाचा पाऊस एकदा मनासारखा पडून गेला, म्हणजे आठ-पंधरा दिवसांच्या आत आमच्या खानापूर तालुक्यातील गावांचे रूप पालटते. कालपर्यंत भाजून निघालेल्या माळावर, रस्त्यांच्या कडांना, भाताच्या खाचरांच्या बांधांवर आणि परड्यातल्या न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर हिरवे कोंब वर येतात. त्यांचे बी कोणी पेरलेले नसते, त्यांना खतही कोणी घातलेले नसते. टाकळा, कुर्डू, भारंगी, घोळ, अळू ही सारी मंडळी न बोलाविता येतात आणि महिना-दीड महिना आपल्या दारात उभी राहतात. पुढे श्रावण सरू लागला, की पाने जून होतात आणि झाडे फुलावर येतात. ज्याने वेळेवर खुडले त्याने खाल्ले. ज्याने पाहिले नाही त्याचे वर्ष हुकले.

या भाज्यांविषयी एका धर्मगुरूने लेखणी उचलावी, याचे कित्येकांस नवल वाटेल. स्वयंपाकघर हा काही आमचा प्रांत नव्हे, आणि चूल पेटविण्याच्या कामी आमच्या धर्मग्रामातील दहा वर्षांची पोरही आम्हांस धडे देईल. तथापि आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देताना, मयताच्या घरी सांत्वनास जाताना, लग्नाची बोलणी चालू असताना आम्ही जितकी स्वयंपाकघरे पाहतो, तितकी तालुक्याचा डॉक्टरही पाहत नसेल. त्या पाहण्यातून एक गोष्ट आमच्या मनात घर करून बसली आहे. आपल्या दारची हिरवी भाजी आपल्याला नावडती झालेली नाही. आपल्याला तिची लाज वाटू लागली आहे. ही लाज आपल्या मुलाबाळांच्या रक्ताला, आपल्या आज्यांच्या विद्येला आणि बाजारात बुट्टी घेऊन बसणाऱ्या आपल्याच बहिणीच्या पोटाला महाग पडत आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. एका वृद्ध बाईंना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही नदीपलीकडच्या वाडीत गेलो होतो. प्रार्थना आटोपेपर्यंत दुपार झाली आणि पावसाने अशी झोड उठविली, की निघणे शक्य नव्हते. आत चुलीवर टाकळा शिजत होता; लसणीच्या फोडणीचा वास सोप्यापर्यंत येत होता. घरच्या सूनबाईंनी जेवून जाण्याचा आग्रह केला, आम्ही होकार दिला. लगोलग त्यांनी भाजीच्या भांड्यावर ताट झाकले, भांडे कोपऱ्यात सरकविले आणि भर पावसात मुलाला अंडी आणावयास दुकानाकडे पिटाळले.

"ताई, तो टाकळा झाकलात कशाला? तोच वाढा," आम्ही म्हणालो.

"नको फादर. असली भाजी तुमास्नी वाढायची व्हय? लोक काय म्हंतील?"

त्यावर अंथरुणावरून म्हातारीचा आवाज आला, "लोक काय म्हणत न्हाईत. आम्ही चौघी भैणी ह्याच्यावरच वाढलाव."

शेवटी टाकळाच पानात पडला. सोबत नाचणीची भाकरी होती आणि भाजीवर ओले खोबरे होते. मुलगा भिजत भिजत अंडी घेऊन आला, ती पोरांनी मिटक्या मारीत खाल्ली आणि सारेच सुखी झाले. परंतु "असली भाजी" हे दोन शब्द आम्ही घरी घेऊन आलो. ते शब्द त्या एका सूनबाईंचे नव्हते. असली भाजी पाहुण्याला वाढू नये, असली भाजी मुलाच्या शाळेच्या डब्यात देऊ नये, असली भाजी लग्नाच्या पंगतीत दिसू नये, हा आता गावोगावचा अलिखित नियम झाला आहे.

ही लाज कोठून आली, याचा विचार केला म्हणजे कोणालाही दोष देण्याचे धाडस होत नाही. आपल्या आजी-आजोबांनी पावसाळ्यात रानपाला खाल्ला, तो पुष्कळदा दुसरे काही नव्हते म्हणून. कणगी तळाला गेलेली, नवे भात यावयास तीन महिने अवकाश, हाताला पैसा नाही; अशा दिवसांत बांधावरच्या पाल्याने माणसे तगविली. ज्याने गरजेपोटी एखादी वस्तू खाल्ली, त्याला दोन पैसे मिळताच ती वस्तू पानातून दूर करावीशी वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. बाजारचा फ्लॉवर आणि कोबी घरात येऊ लागला, त्या दिवशी दारिद्र्य दाराबाहेर गेले, असे पुष्कळांना मनापासून वाटले. त्यांच्या त्या समाधानाची थट्टा करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या धर्मगुरूला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की गरिबी गेली ते उत्तम झाले. पण गरिबीत जिने सोबत केली तिला गरिबीबरोबर हाकलून देणे हे कृतज्ञतेला धरून नाही आणि शहाणपणालाही धरून नाही.

शहाणपणाची बाजू प्रथम पाहू. २०१९–२१ या काळात सबंध देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे, म्हणजे डॉक्टर ज्याला रक्तक्षय म्हणतात तो असल्याचे, आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हेच प्रमाण शंभरांत ६७ होते. मिस्साबलीच्या वेळी चक्कर येऊन खाली बसणाऱ्या मुली आणि बाळंतपणानंतर वर्षभर पांढऱ्याफटक दिसणाऱ्या माता आम्ही पाहतो, तेव्हा या आकड्यांना चेहरे येतात. पालेभाजी खाल्ली की हे सारे दुखणे पळून जाईल, अशी भाबडी गोष्ट आम्ही सांगत नाही. लोहाच्या गोळ्या दवाखान्यात मिळतात, त्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यातच. परंतु रोज एक पेंडी पालेभाजी घरात शिजली, तर शरीराला लोह, चुना आणि डोळ्यांना लागणारे 'अ' जीवनसत्त्व यांची मोठी भर पडते. फळे व भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम पोटात जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढे पुरविण्याची सोय ज्याच्या बांधावर आहे, त्याने ती पायाखाली तुडवावी, हे बरे नव्हे.

येथे एक दोन गोष्टी गृहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. पाल्यातले लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. भाजीवर लिंबू पिळले, किंवा तिच्याबरोबर थोडे मासे-मांस असले, तर ते अधिक अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट कमी लागते. आपल्याकडे जेवून उठताच चहाची कपबशी हाती घेण्याची सवय जडली आहे. ती तासाभराने पुढे ढकलावी. 'अ' जीवनसत्त्व अंगी लागण्यास थोडे तेल किंवा खोबरे हवेच. म्हणून लसणीची फोडणी ही केवळ चवीची चैन नव्हे. आणि 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नासते. यास्तव भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व मोरीत जाते.

आता ताजेपणाविषयी. पान खुडले तरी ते तत्काळ मरत नाही. त्याचा श्वास चालू राहतो. मुळांकडून पाणी येणे थांबलेले असते, म्हणून ते आपल्यातच साठविलेले पाणी आणि सत्त्व खर्चीत बसते. सकाळी खुडलेली मेथी दुपारी मान टाकते, त्याचे कारण हे. कोबी, बटाटा, रताळे, गाजर यांना प्रवास सोसतो. आमच्या बेळगाव भागातली भाजी पहाटे ट्रकांत भरून चोर्ला घाटाने गोव्याला जाते आणि गोव्यातील अनेक घरांची भाजीची नड भागविते. परंतु टाकळ्याचा कोंब किंवा घोळीचे कोवळे पान अशा प्रवासाला निघतच नाही. निघालेच तर वाटेत संपते. मोठ्या शहरातला धनवान मनुष्य हवे ते फळ परदेशातून मागवू शकेल, पण अर्ध्या तासापूर्वी बांधावरून खुडलेला टाकळा त्याच्या पैशाला मिळणार नाही. आपण ज्याला गरिबांचे अन्न म्हणून झाकून ठेवितो, ते असे शेतावर राहणाऱ्यांचेच वैभव आहे.

चांगल्या वस्तूचा मान राखावयाचा तर ती चांगली रांधली पाहिजे. पुष्कळ मुलांना पालेभाजी नकोशी वाटते, ती बहुधा करण्यातल्या हयगयीमुळे. आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्या बायांकडून ऐकलेले येथे थोडक्यात देतो. जाणत्यांनी उणे-अधिक क्षमा करावे.

टाकळा खावा तो रोप वीतभर असताना. फूल दिसले की त्याचा नाद सोडावा. केवळ शेंडे आणि कोवळी पाने घ्यावीत, धुऊन बारीक चिरावीत. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा परतून, भिजविलेली तूरडाळ घालून तिला एक वाफ द्यावी. मग टाकळा घालून मंद आचेवर शिजवावा आणि उतरताना ओले खोबरे पेरावे. ज्यांस त्याचा उग्र वास सोसत नाही त्यांनी एक उकळी देऊन पाणी पिळून टाकावे. उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्या मातीत किंवा राखेत ठेविल्या असतील, तर त्या उकडून यात घालाव्यात. डाळीहून त्या अधिक शोभतात. भारंगीची पाने कडू. ती दोनदा उकळून, पाणी ओतून, मगच फोडणीला टाकावीत.

अळूचे तंत्र निराळे. त्याच्या पानादेठांत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तेच जिभेला आणि घशाला टोचतात आणि आपण म्हणतो, अळू खाजरे निघाले. म्हणून चिरताना हाताला तेल लावावे, देठ सोलून घ्यावेत, आणि पाने अगदी लोण्यासारखी होईतो शिजवावीत. चिंच अथवा आमसूल घालण्याचा रिवाज घरोघर आहे, तो सोडू नये. भिजविलेली चणाडाळ व शेंगदाणे घालून, थोड्या डाळीच्या पिठाने घोटून केलेले पातळ अळू आणि गरम भात असला, म्हणजे बाहेर पाऊस कितीही कोसळो, घरातले माणूस तृप्त होते.

पावसाळा सरला म्हणजे भाजीचा हंगाम संपला असे नाही. पाहुणे बदलतात, एवढेच. हिवाळ्यात चाकवत येतो. तो शिजवून घोटावा, ताकात डाळीचे पीठ कालवून त्यात मिसळावे, आणि वरून लसूण व लाल मिरची यांची फोडणी द्यावी. अंबाडी उकडून तिचे आंबट पाणी पिळावे, तांदळाच्या कण्यांबरोबर शिजवावी आणि ताटात वाढल्यावर तिच्यावर लसणीचे कडकडीत तेल ओतावे. याच दिवसांत भात कापलेल्या शेतात हरभरा उगवून आलेला असतो. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने त्याचे शेंडे खुडले, तर झाडाला जास्त फांद्या फुटतात आणि घाटेही जास्त धरतात. देण्याने झाड उणे होत नाही, भरते. प्रवचनाला याहून चांगला दाखला आम्हांस अद्याप सापडलेला नाही. या पानांवर आंबट दव असते. पूर्वी शेतकरी रात्री हरभऱ्यावर धुतलेले फडके पसरीत आणि पहाटे ते पिळून आंब धरीत. पोटदुखीवर ती घरोघर ठेविलेली असे. पाने धुऊन, चिरून, कांद्या-लसणीवर परतली की भाजी तयार. वाळवून ठेविली तर उन्हाळ्यातही पुरते.

आमचे वाचक केवळ बेळगावकडचे नाहीत, हे आम्ही जाणतो. गोव्यातील भगिनी टाकळ्याला तायकिळो म्हणतात, अळूला तेरें म्हणतात आणि त्यात आंबाडे घालतात. त्यांची तांबडी भाजी खोबऱ्याबरोबर, कोणी सुकी सुंगटे घालूनही करतात. हैदराबादेकडे जिला गोंगुरा म्हणतात ती आपली अंबाडीच. इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजारात हिवाळ्यात बथुआ नावाने जो मिळतो, तो आपल्या चाकवताचाच भाऊबंद. नावे बदलतात, पान तेच असते. परप्रांतात संसार मांडलेल्या मराठी कुटुंबांनी शेजारणीला विचारावयास लाजू नये. भाजीच्या निमित्ताने जी मैत्री होते ती पुष्कळ टिकते.

आता आज्यांच्या विद्येविषयी. कोणते पान खावे, कोणते सोडावे, कोणत्या आठवड्यात खुडावे, कोणत्याला आंबट लागते आणि कोणत्याला दोन उकळ्या, ही सारी विद्या कोठल्याही शाळेत शिकविली जात नाही. ती आजीच्या बोटाला धरून बांधावर चालताना शिकावयाची असते. आमच्या धर्मग्रामातील पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना विचारले, की पावसाळ्यातल्या पाच रानभाज्या ओळखून आणील असा कोण आहे? तीस मुलांत दोन हात वर आले, आणि ती दोन्ही मुले आजीजवळ राहणारी होती. एखादी आजी देवाघरी गेली, म्हणजे आम्ही तिच्या आत्म्यास शांती मागतो आणि फुले वाहतो. पण तिच्याबरोबर एक सबंध बांध पुरला जातो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या विद्येवाचून केवळ उत्साह धोक्याचा असतो, हेही सांगितले पाहिजे. अनोळखी पान केवळ हिरवे आहे म्हणून खाऊ नये. अळंबीच्या बाबतीत तर जाणत्या माणसाने हातात घेऊन होय म्हटल्यावाचून ती घरात आणूच नये. विषारी अळंबीने जीव जातात. ज्या बांधावर तणनाशक मारले असेल तेथील पाला खुडू नये, आणि हमरस्त्याच्या गटाराकाठचाही खुडू नये. तणनाशकावरून आठवले: बांध स्वच्छ दिसावा म्हणून औषध मारणाऱ्या शेतकरी बंधूंनी एक वेळ विचार करावा. ज्याला आपण तण म्हणून जाळतो, त्यातले निम्मे आपल्या आईने आपल्याला भरविलेले आहे.

आणि आता बाजारात बसलेल्या बहिणीकडे वळू. आठवड्याच्या बाजारात आपण पाहतो, की वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या बाया गोणपाट अंथरून शेपू, मेथी, पोकळा, अंबाडी मांडून बसलेल्या असतात. पहाटेच्या काळोखात दवात भिजत त्यांनी भाजी खुडलेली असते, पेंड्या बांधलेल्या असतात आणि पहिल्या गाडीने बुट्टी डोक्यावर घेऊन त्या आलेल्या असतात. धान्य विकणारा भाव पडला तर पोते परत नेऊ शकतो. पालेभाजीवालीला ती सोय नाही. दुपारचे ऊन चढले की तिचा माल तिच्या डोळ्यांदेखत मान टाकू लागतो, आणि घेणाऱ्याला हे ठाऊक असते. तो संध्याकाळपर्यंत थांबतो, मग दहाची पेंडी पाचाला मागतो आणि वर कोथिंबिरीची काडी फुकट घेतो. दुकानात छापील किमतीवर आपण एक अवाक्षर बोलत नाही. आपली सारी हुशारी शेपूच्या पेंडीवर चालते.

शेपूचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री-परूशांची कानउघाडणी करितो. ते लोक पुदिना, शेपू आणि जिरे यांचाही दशमांश काटेकोर मोजून देत असत, आणि न्याय, दया व विश्वास या भारी गोष्टी विसरत असत. शेपूचा हिशेब ठेवू नका असे प्रभूने म्हटले नाही. तो ठेवा, पण मोठी गोष्ट सोडू नका, असे त्याचे सांगणे आहे. त्या परूशांना आपण वेदीवरून पुष्कळ नावे ठेवितो. परंतु रविवारी मिस्सा ऐकून बाहेर पडणारा मनुष्य चर्चच्या फाटकापाशी बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेव्हा तोही शेपूच मोजीत असतो आणि न्याय विसरत असतो. भाव विचारावा, माल पारखून घ्यावा, यात गैर काही नाही. पण जिचा माल सुकत चालला आहे तिच्या अडचणीचा भाव करू नये. ती जगली तर तिची सून पुढल्या वर्षी वाफे करील. नाहीतर त्या वाफ्यांवर दगड रोवून प्लॉट पडतील.

या प्लॉटांविषयीही पवित्र शास्त्रात एक कथा आहे, ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. कशासाठी? राजवाड्याला लागून असल्यामुळे तेथे भाजीचा मळा करावा, म्हणून. नाबोथाने वाडवडिलांचा वारसा देण्यास नकार दिला आणि त्यास जीव गमवावा लागला. राजवाड्यातल्या माणसालाही ताज्या भाजीचा एवढा मोह पडावा, की त्यासाठी त्याच्या घरून रक्त सांडावे! आपल्या हातात तो मळा आज आयता आहे. गरज पडली म्हणून कोणी जमीन विकली, तर त्याला आम्ही नाव ठेवीत नाही. पण शेतीची लाज वाटते एवढ्याच कारणासाठी ती कोणी विकू नये.

पालेभाजी सणाला शोभत नाही, असेही कोणी म्हणेल. त्यांस आम्ही मंगळूरकडे पाहावयास सांगू. तेथील कोंकणी ख्रिस्ती घरांत ८ सप्टेंबर रोजी पवित्र मरियेचा जन्मोत्सव, मोंती सण, होतो. त्या दिवशी नवे भात आशीर्वादित करून आणतात, आणि एरवी मासळीवाचून घास न उतरणारी ती मंडळी त्या दिवशी मांस-मासळी वर्ज्य करून केळीच्या पानावर तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम संख्येच्या भाज्या वाढतात. आईच्या वाढदिवसाचे जेवण ते भाज्यांचे! सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्याच्या एकोणचाळिसाव्या प्रकरणात जेवणाला दोन शिजविलेले पदार्थ पुरे म्हटले आहेत. मात्र फळे किंवा ताज्या कोवळ्या भाज्या मिळाल्या तर तिसरा पदार्थ घेण्यास त्यांनी मोकळीक दिली. सेमिनरीत हा नियम आम्ही प्रथम वाचला, तेव्हा वैराग्याच्या त्या कडक पानात ताज्या भाजीसाठी उघडे ठेविलेले हे लहानसे दार पाहून आम्हांस फार आनंद झाला. संतालाही ठाऊक होते, की हंगामाची कोवळी भाजी दाराशी आली तर तिला परत पाठवू नये.

असो. उपदेश लांबला. वाचकांजवळ आमची मागणी थोडी आहे. या पावसाळ्यात प्रत्येक घरातील मुलाने आणि मुलीने, मुलाने सुद्धा, आजीबरोबर एकदा बांधावर जावे आणि तीन भाज्या ओळखावयास, खुडावयास व निवडावयास शिकावे. ज्या घरी आजी नाही त्यांनी शेजारची आजी मागून घ्यावी. अशी मागणी तिला फार आवडेल. बाजारातून पेंडी घेताना तिचा सांगितलेला भाव एक वेळ तरी मुकाट्याने द्यावा. आणि पाहुणा आला, मग तो जावई असो, शाळेचा मास्तर असो की धर्मगुरू असो, त्याच्या पानात त्या दिवशी घरात शिजलेली भाजी निःसंकोच वाढावी.

फ्रान्सिस पोप यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात पृथ्वीच्या रक्षणाविषयी पुष्कळ मोठमोठ्या गोष्टी सांगत असताना त्यांनी एक अगदी घरगुती विनंतीही केली आहे: जेवणापूर्वी आणि जेवणानंतर देवाचे आभार मानण्याची सुंदर चाल सर्वांनी पुन्हा सुरू करावी. ती प्रार्थना आपल्याला पाठ आहेच. तीत आपण देवाच्या उदारतेतून मिळालेल्या दानांवर आशीर्वाद मागतो. बाजारातून विकत आणलेल्या वस्तूवर ती म्हणताना, हे दान आहे याचा विसर पडणे सोपे असते, कारण पैसे आपण दिलेले असतात. पण जे पेरले नाही, ज्याला पाणी घातले नाही, ज्याची किंमत कोणी मागितली नाही, अशा पानांची भाजी ताटात असते, तेव्हा त्या प्रार्थनेतील प्रत्येक शब्द अक्षरशः खरा होतो. या आठवड्यात एक दिवस सर्वांनी मिळून एका ताटाभोवती बसावे आणि अशा भाजीवर ती प्रार्थना सावकाश म्हणावी. प्रभू आपल्या बांधांना, आपल्या चुलींना आणि त्या राखणाऱ्या हातांना आशीर्वाद देवो.